ऊन दाखवलेलं कापड

छबुबाईच्या हातून उभ्या जन्मात कापड बिघडलं ते एकदाच, आणि तेही लाड केल्यामुळं.

एरवी बोरदऱ्यात कापडाचं काही विचारायचं झालं तर लोक तिच्याच दारात यायचे. लुगडं आणखी किती साल निघेल, हे ती पदर चिमटीत धरून सांगायची. गावातली निम्मी पांघरुणं तिच्या टाक्यातली. गोधडीच्या चिंध्या झाल्या तरी टाका म्हणून सुटायचा नाही. महिला मजूर संस्था निघाली तेव्हा बायांनी तिलाच अध्यक्ष केलं. तिचा नवरा म्हाळू चारचौघांत म्हणायचा, "चाळीस बाया एका दोऱ्यात ववायच्या म्हणल्यावर शिवणारीच पायजे." आणि घरात म्हणायचा, "तुझ्यापुढं कुणाचं तोंड उघडत न्हाई, म्हणून केली."

ते साल दुष्काळाचं, ओळीनं तिसरं. टँकर एक दिवसाआड यायचा. बैलजोडी चारा छावणीत, तिच्या राखणीला म्हाळू छावणीतच मुक्कामाला. सकाळी बैलांपुढं पेंढी टाकली की तो पहार खांद्यावर घेऊन तलावावर यायचा. दगड लावण्यात त्याचा हात धरणारा आसपासच्या पाच गावांत नव्हता. गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचा मातीचा भराव चालला होता, आणि भरावाच्या आतल्या उताराला दगड बसवायचं काम, ज्याला सगळे पिचिंग म्हणतात ते, संस्थेला मिळालं होतं. संस्थेचं हे पहिलंच मोठं काम. ते नीट झालं तर पुढची दोन कामं बायांच्याच हाती येणार होती. बिघडलं तर पलीकडच्या तलावावर एक ठेकेदार मशीन घेऊन बसलाच होता, जिभल्या चाटत.

फाल्गुनात कापड आलं. मोठाले अकरा तागे, प्रत्येकावर काळं प्लास्टिक घट्ट गुंडाळलेलं. एकेक तागा उचलायला आठ-आठ बाया लागल्या. खात्याचे मुळे साहेब, वयानं पोरगेलेच, पण टोपी मोठी घालायचे, त्यांनी समजावून सांगितलं. आधी मातीच्या उतारावर हे कापड अंथरायचं, मग त्याच्यावर दगड. तलावातलं पाणी वरखाली होतं तसं दगडांच्या फटीतून माती ओढून नेतं. कापड पाणी जाऊ देतं, माती धरून ठेवतं.

"म्हणजे चहाची गाळणीच की," छबुबाई म्हणाली.

"अगदी तसंच. भराव अजून व्हायचाय, दोनेक महिने लागतील. तोवर जिवापाड जपा. उंदीर नाही लागला पाहिजे, जाळ नाही लागला पाहिजे."

साहेब फटफटीवर बसून गेले. छबुबाईनं संस्थेच्या गोदामाची किल्ली कमरेला लावली आणि त्या घडीपासून कापडाची आई झाली.

गोदामात आधी सरकी पेंड असायची. आठ दिवसांनी छबुबाईनं दार उघडलं तर आत खमंग कुबट वास. तिनं एका ताग्याचं काळं प्लास्टिक बोटानं फाडलं आणि आत हात घातला. पांढरंफेक, जाड, घोंगडीसारखं दाट, पण हाताला मऊ. विणीचा धागा कुठं दिसेना, नुसता पिंजून थापलेला कापूसच जसा. तिनं नाक लावलं.

"माय! पेंडीचा वास धरलाय गं ह्यानं. असंच ऱ्हायलं तर मुंग्या धरतील, मग उंदरं."

"मग काय करावं?" केसरबाईनं विचारलं. केसरबाई ही छबुबाईची जुनी सोबतीण. अंगानं थोराड, कामाला जड, बोलायला हलकी.

"करायचं काय? कापड हाय. ऊन दावायचं."

ताग्यावर एक कागद चिकटवलेला होता, सगळा इंग्रजीत. त्यावर सूर्याचं चित्र होतं आणि चित्रावर एक तिरकी तांबडी रेघ. केसरबाईनं त्यावर बोट ठेवलं. "हे बग, सूर्याचं चित्तरच काढलंय. त्येनीबी तेच सांगितलंय." रेघेचा विचार कुणी केला नाही. छापताना शाई सांडली असेल.

झालं. सगळ्या ताग्यांची काळी प्लास्टिकं उतरली. त्यातली निम्मी बायांनी न्हाणीच्या आडोशाला नेली. बाकीची म्हाळूनं खांद्यावर टाकली. "हे काळं लुगडं दगडाखाली थोडंच घालायचंय? छावणीत कडब्यावर घालतो." तो गेला, आणि कापड उघडं झालं.

छबुबाईनं आळीवार वाटणी केली. तिच्या आळीचे तीन तागे, वरच्या आळीचे तीन, वेशीकडच्यांचे दोन, आणि टेकाडाआडच्या केसरबाईच्या आळीचे तीन. ज्यांनी त्यांनी आपले तागे आपापल्या आळीमागच्या माळावर उलगडायचे, चार पदरी घडी घालून पसरायचे, कडेला धोंडे ठेवायचे, आणि दर मंगळवारी घडी फिरवायची. वरचा पदर खाली, खालचा वर. कुठलीच बाजू उपाशी राहता कामा नये. काळ्या खडकाच्या माळावर ते पांढरं कापड असं पसरलं, की लांबून पाहणाऱ्याला वाटावं, बोरदऱ्यात पाणीच साठलंय. एकदा दोन बगळेही उतरून, फसून, परत गेले.

चैत्र तापला. चप्पल खडकाला चिकटायला लागली. बाया चुंबळीवर हंडे घेऊन टँकरची वाट बघत उभ्या राहायच्या, पण मंगळवार आला की आधी कापड. छबुबाई कंबरेवर हात ठेवून आळीआळीला विचारायची.

"फिरवलं का गं?"

"फिरवलं."

"केसरबाई, तुमचं?"

"कवाच! जावयाला न्हाऊ घालावं तसं दोन्ही अंगानं ऊन दावलंय."

कापडाचा वास गेला. छबुबाई त्याच्यावरून हात फिरवायची आणि मनात म्हणायची, आता कसं गुणाचं झालंय. हाताला थोडी पांढरी लव लागायची. नवं कापड लव सोडतंच.

वैशाखात भराव पुरा झाला. दगडाचे ट्रॅक्टर येऊन पडले. साहेब दोन दिवसांनी येणार होते, तेव्हा एक पट्टा अंथरून ठेवावा म्हणून छबुबाईनं सकाळी सकाळी बाया गोळा केल्या. तिच्याच आळीचा पहिला तागा. आठ बायांनी वरून धरला, आठ जणींनी उतारावरून खाली ओढला. उतार चढताना छबुबाईचा पाय कापडावर पडला, आणि ती मटकन खाली बसली. कापडातून पाय आरपार मातीला टेकला होता.

कुणी हसलं नाही. ती अध्यक्ष होती.

तिनं भोकाची कड चिमटीत धरली आणि ओढली. कापड आवाज न करता फाटलं, शिळ्या भाकरीचा पापुद्रा निघावा तसं. दोन बोटं चोळली तर पांढरं पीठ झालं. तिनं दुसरीकडं ओढून पाहिलं, तिसरीकडं पाहिलं. कुठं धरत होतं, कुठं धरत नव्हतं.

"जत्रंतले म्हातारीचे केस हायेत हे," वरून म्हाळू म्हणाला. तो दगडाच्या ढिगावर बसून छिन्नीला धार लावत होता.

"आवो, तुमी गप बसा जरा."

"मी कुटं काय म्हणालो? टाका तसंच. वरून दगूड लावला की कोण बघतंय? साहेब काय दगडाखाली निजायला यायलाय?"

दोन-तीन बायांनी एकमेकींकडं पाहिलं. वरच्या आळीची बायडाबाई हळूच म्हणाली, "भाऊ काय वंगाळ न्हाईत बोलत. आज झाकलं की झाकलं."

छबुबाई उतारावर बसूनच राहिली. ऊन डोक्यावर यायला लागलं होतं. भरावाच्या खालच्या अंगाला गाव होतं. वेशीकडची घरं तर ओढ्याच्या काठालाच. भरावाची माती दगडांखालून निघून गेली तर काय होईल, हे तिला साहेबांनी सांगायला नको होतं. गाळणी फाटली की चहात भुकटी येते. इथं भुकटी म्हणजे अख्खा भराव होता.

"तुमी," ती म्हाळूला म्हणाली, "सांगा बरं. खालची माती गेली आन् दगूड ढासळला, असं पायलंय का न्हाई कधी?"

म्हाळूनं छिन्नी खाली ठेवली. थट्टा करायचा असला तरी दगडाबद्दल तो खोटं बोलायचा नाही.

"पायलंय. एका तलावावर खालचा वाळूचा थर खाल्ला हुता ठेकेदारानं. दुसऱ्या पावसाळ्यात दगूड दातागत हालाया लागले."

"मग हे न्हाई झाकायचं," छबुबाई उठली. लुगड्याला माती होती, ती तिनं झटकली नाही. कापडाचा एक चांगला तुकडा आणि एक वाईट तुकडा पदरात बांधून ती नेकनूरच्या गाडीला उभी राहिली.

नेकनूरला बाजाराच्या तोंडाशी मैनुद्दीन ताडपत्र्या शिवायचा. ट्रकची, ट्रॅक्टरची, मांडवाची, सगळी ताडपत्री त्याच्या मशीनखालून जायची. छबुबाईला दाभण आणि जाड दोरा तोच द्यायचा. त्यानं दोन्ही तुकडे हातात घेतले, वाईट तुकडा उजेडापुढं धरला आणि जीभ चुकचुकवली.

"धूप खाल्ली बाई ह्यानं. बाहेर पडलं हुतं का?"

"पडलं कशाला? मी सोता ऊन दावलं. सात हप्ते."

 मैनुद्दीन इतका हसला की शेजारचा पंक्चरवाला उठून आला.

"हसू नगा मैनुभाई. माझा जीव चाललाय."

"न्हाई हसत. पर बाई, तुमीच कावून असं केलं? तुमाला तर कापडाचं इतकं कळतं."

"कापडाला ऊन दावायचंच असतंय की! गोधडीला दावतो, वाकळंला दावतो. ढेकूण जातो, वास जातो."

मैनुद्दीननं तिला स्टूल दिलं, पाणी दिलं. मग चांगला तुकडा तिच्या मांडीवर ठेवला. "ऐका. तुमची गोधडी कापसाची. कापूस कुटं वाढला? उन्हात. बोंड उन्हातच फुटलं. उन्हाची वळख हाय त्याला. तरीबी किती साल उन्हात ठेवलं तर तेबी जातंय. आन् हे," त्यानं बोट टेकवलं, "हे जमिनीच्या पोटातल्या तेलाचं. ह्याच्या बापानं कधी ऊन पायलं न्हाई. धाग्याच्या आत बारीक बारीक कड्या असतेत म्हणं, साखळीगत. उन्हातला एक झळाळ असतोय, डोळ्याला दिसत न्हाई, तो ती साखळी तोडतोय. एक कडी, दोन कड्या. वरून कापड तसंच दिसतंय पांढरं. आतून त्याच्यात काय ऱ्हात न्हाई."

"तुमाला कुणी शिकवलं हे?"

"पैली ताडपत्री मी स्वस्त मालाची शिवली. आठव्या म्हयन्यात ट्रकवाल्यानं ती माझ्या गळ्यात घातली, तुकडे तुकडे. तवापासून इचारूनच माल घेतो. काळा रंग कावून देतेत? ऊन आडवायला. ह्याच्यावर काळं वेष्टण असंल की."

छबुबाईनं कपाळावर हात मारला. "ते आमच्या मालकानं कडब्याला घातलं."

"मग कडबा झकास असंल," मैनुद्दीन म्हणाला, आणि या वेळी तिलाही हसू आलं, रडू आल्यासारखं. निघताना त्यानं काळ्या दोऱ्याची दोन मोठी रिळं तिच्या पिशवीत टाकली. "एक ध्यानात ठेवा. हेच कापड दगडाखाली, अंधारात गेलं की दोन पिढ्या जगंल. फकस्त तिथवर उन्हातून न्हेताना ते मरायला नगं."

ठरल्या दिवशी साहेब आले. भरावावर टोपी काढून घाम पुसत उभे राहिले. छबुबाईनं काही लपवलं नाही. बायांच्या पुढं उभी राहून, जमिनीकडं बघत, तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. पेंडीचा वास, काळं प्लास्टिक, मंगळवारची घडी. साहेबांचं तोंड आधी तांबडं झालं, मग पांढरं.

"मावशी, त्या कागदावर सूर्यावर काट मारलेली होती!"

"ती काट आमाला शाई वाटली."

"आणि तुम्ही चार पदरी घडी घालून, फिरवून फिरवून…"

"कुठलीच बाजू उपाशी ऱ्हाऊ नये म्हणून," छबुबाई अगदी बारीक आवाजात म्हणाली.

साहेब दगडावर बसले. ओठ दाबून ठेवले होते, पण खांदे हलत होते. मग त्यांनी गंभीर व्हायचा निकरानं प्रयत्न केला. "हे बघा, मला वर कळवावं लागेल. नवीन कापड यायला पाऊस उजाडेल. काम बंद ठेवलं तर वरचे साहेब ते ठेकेदाराकडं देतील, त्याच्याकडं कापड पडून आहे. मी दहा दिवस थांबवू शकतो. दहा दिवसांत धडकं कापड निवडून, जोडून, अंथरून, दगडानं झाकून दाखवा. तुम्ही निवडलेले तुकडे मी तपासायला औरंगाबादच्या प्रयोगशाळेत पाठवतो. तिथला कागद चांगला आला तरच काम तुमचं."

"धडकं कोणतं, वळखायचं कसं?"

साहेबांनी विचार केला. "तीन बोटं रुंद पट्टी कापा. तिचा फास करून झाडाला टांगा आणि साठ किलोचं वजन लटकवा. थोडं लांबेल, ते चालतं. पण तुटलं तर ते कापड बाद."

साठ किलोचं वजन गावात कुठलं? छावणीत चारा मोजायचा काटा होता. म्हाळूनं तो ट्रॅक्टरमधून आणला. पोत्यात दगड भरून पाहिले तर पोतंच फाटलं. तेवढ्यात बायडाबाईचं लक्ष केसरबाईकडं गेलं.

"आक्का, जरा चढा बरं काट्यावर."

"मी कावून?"

"चढा तर."

केसरबाई चढली. काटा हलला, डुलला आणि साठावर येऊन असा थांबला, जसा काही तिच्याचसाठी बनवला होता. माळावर हशा पिकला. केसरबाई उतरायला लागली, पण आता तिला कोण सोडतंय?

लिंबाच्या आडव्या फांदीला पट्टीचा फास टांगला. बूड टेकायला म्हाळूनं फळीचा तुकडा दिला. केसरबाई पदर खोचून बसली, पाय उचलले, आणि धप्प. पट्टी तुटली.

"हे बाद," छबुबाई म्हणाली आणि कापडाच्या त्या पदरावर कोळशानं फुली मारली.

दुसरी पट्टी. केसरबाई बसली. पट्टी रबरागत लांबली, लांबली, केसरबाईचे पाय जमिनीला लागतात की काय असं झालं, आणि थांबली. "धडकं! ह्याच्यावर टिळा." तिसरी धप्प. चौथी धप्प. पाचवी निम्म्यात धरल्यासारखी झाली आणि केसरबाईनं देवाचं नाव घेतलं तेवढ्यात धप्प.

"हळू सोडा की गं मला!"

"आमी कुटं सोडतोय? ऊन सोडायलंय!"

सातव्यांदा पडली तेव्हा ती उठलीच नाही. मातीत बसून कंबर चोळत, केस विस्कटलेले, डोळ्यात पाणी, आणि तिचा संताप एकदम फुटला.

"माझे तागे आणा की मग! ते तुटायचे न्हाईत! एक पट्टी तुटली तर नाव बदलीन!"

"तुझे कसे तुटायचे न्हाईत?" छबुबाईनं विचारलं. "तूबी ऊन दावलंसच की. कवाच म्हणायचीस."

केसरबाईनं आणि तिच्या आळीच्या बायांनी नजर चुकवली.  

"न्हाई दावलं," केसरबाई शेवटी पुटपुटली. "कोण उचलतंय ती आठ-आठ बायांची धुडं दर मंगळवारी? आमच्या गोठ्यात गव्हाणीमागं पडलेत. वर वाकळ टाकलीया. एक दिस बी भाईर काढले न्हाईत."

"सात हप्ते तू मला खोटं सांगितलंस?"

"सांगितलं." केसरबाईनं मान खाली घातली. "तू इतकी कापडामागं लागलीस, तुला न्हाई म्हणायचं धाडस हुईना. बायांम्होरं मला आळशी म्हणशील म्हणून."

छबुबाई तिच्याकडं चालत गेली. सगळ्यांना वाटलं आता हिची धडगत नाही. छबुबाई खाली वाकली, केसरबाईच्या दोन्ही गालांवरून हात फिरवला आणि कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

"तुझा आळस जल्मभर असाच ऱ्हाऊ दे गं माय!"

म्हाळू दगडावरून खाली उतरून आला. "आळशाचा बी सत्कार असतोय का कुठं? मला आधी कळलं असतं तर मीबी कमी राबलो असतो."

तीन तागे आले. केसरबाई मोठ्या मानानं फासात बसली, आणि पट्टी धरून राहिली. तिनं पाय हलवून झोकाही घेतला. मग दुसऱ्या ताग्यावर, तिसऱ्यावर. उतरायला तयारच होईना.

पुढचे आठ दिवस बोरदऱ्यात कापडच कापड झालं. या वेळी उन्हात नव्हे, शाळेच्या व्हरांड्यात, गोठ्यात, गोदामात. उन्हातल्या आठ ताग्यांच्या पदरांतून निम्मे-अर्धे पदर धडके निघाले. जे मंगळवारी फिरवताना चुकून आतल्या आत राहिले, ते. छबुबाईनं ते कापले आणि काळ्या दोऱ्यानं जोडले. साहेबांच्या सांगण्याप्रमाणं हातभर एकावर एक, दोन ओळी टाके. निवडलेले तुकडे आणि जोडाचे नमुने साहेबांनी तिसऱ्याच दिवशी औरंगाबादला धाडले. तिनं बायांना शिकवलं. दाभण आत घालताना तर्जनीला कापड बांधायचं, दोरा ओढताना कोपर अंगाशी ठेवायचा. चौथ्या दिवशी बोटं सुजली, सहाव्या दिवशी सुजलेली बोटंच सवयीची झाली. तरी उताराच्या वरच्या तिसऱ्या हिश्शाला कापड पुरेना. साहेबांनी म्हाळूला विचारलं. तिथं पाणी क्वचित चढणार होतं, तर जुन्या पद्धतीनं आधी वाळू, मग बारीक खडी असा थर चालेल का? म्हाळूनं उत्तराला मुद्दाम जरा वेळ घेतला. एवढ्या वर्षांत साहेब लोकांनी त्याला पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

"चालंल," तो म्हणाला. "आमच्या हातचं हाय ते."

अंथरायची रीतही छबुबाईनं बदलली. सकाळी तेवढंच कापड काढायचं, जेवढं दिवस मावळायच्या आत दगडाखाली जाईल. गोदामातून वाकळेत गुंडाळून न्यायचं, उतारावर नेऊनच उघडायचं. वाकळ काढताना ती सूर्याकडं अशी बघायची, जशी शेजारच्या भांडकुदळ बाईकडं बघावं.

दहाव्या दिवशी शेवटचा पट्टा राहिला. दुपारी कापड अंथरलं, आणि दगडाच्या ट्रॅक्टरचं टायर खदाणीतच फुटलं. म्हाळू तिकडं पळाला. बाया उतारावर उभ्या राहिल्या. समोर पांढरं कापड, वर वैशाखाचा सूर्य, आणि दगड नाही.

"घटकाभराचं काय हुतंय," बायडाबाई म्हणाली.

छबुबाईला ते सोसेना. मैनुद्दीनचं बोलणं तिच्या डोक्यातून जात नव्हतं. एक कडी, दोन कड्या. तिनं भाकरीचं गाठोडं उचललं, थेट कापडावर गेली आणि मधोमध बसली. "या गं सगळ्याजणी. हितंच जेवायचं. जेवढी जागा झाकंल तेवढी झाका."

बाया हसत आल्या. चाळीस जणी मांडीला मांडी लावून बसल्या, पदर पसरले, छबुबाईच्या वाकळा कडेनं अंथरल्या. केसरबाईला वरच्या कडेला बसवलं, कारण ती जास्त झाकते. कांदा फुटला, ठेचा फिरला, ताकाची किटली फिरली. घाम कपाळावरून हनुवटीला आणि हनुवटीवरून भाकरीवर. कापड खाली थंड होतं.

साहेब आले ते भरावाच्या माथ्यावर थबकले. हातात कागद होता.

"मावशी! हे काय चाललंय?"

"सावली करायलोय, साहेब."

"अहो, उघडं झालं तरी चौदा दिवस चालतं ह्याला!"

"चौदा दिवस तुमच्या कागदाला. आमच्या उन्हानं तुमचा कागद वाचलेला न्हाई."

साहेब काहीतरी म्हणणार होते, पण त्यांना हसू आवरेना, आणि या वेळी त्यांनी ते आवरलंही नाही. मग कागद वर धरला. "औरंगाबादचा आलाय. निवडलेले सगळे तुकडे पास. जोडसुद्धा पास. एका जोडावर तर कापड तुटलं, पण टाका नाही तुटला म्हणे. ठेकेदाराला मी आत्ताच फोन करून सांगितलं, मशीन इकडं आणू नका."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग केसरबाई वरच्या कडेवरून ओरडली, आणि सगळ्याजणी उठायला लागल्या. कुणी साहेबांकडं, कुणी एकमेकींच्या गळ्यात.

"बसा खाली!" छबुबाईचा आवाज कडाडला. "दगूड आला का?"

बाया खाली बसल्या.

दगड आला तो दिवस कलल्यावर. म्हाळू ट्रॅक्टरच्या पुढं बसून आला, धुळीनं पांढरा. खालच्या कडेपासून त्यानं दगड लावायला सुरुवात केली. एकेक दगड फिरवून, त्याचं तोंड बघून, कान देऊन ठोकून. दगडांची ओळ जशी वर सरकली, तशा बाया एकेक करून उठत गेल्या आणि उठली ती थेट दगड वाहायला लागली. शेवटी एकटी छबुबाई बसून राहिली, कापडाच्या हातभर तुकड्यावर, पाय पोटाशी घेऊन.

म्हाळू दोन्ही हातांत दगड धरून तिच्यासमोर वाकला. "आता तरी उठ की. का तुलाच लावू हितं?"

"आधी आजूबाजूचे घट्ट बसलेत का बघा."

"बसलेत."

तिनं दोन्ही बाजूंचे दगड तळहातानं दाबून पाहिले. हलले नाहीत. मग ती उठली, आणि ती ज्या जागेवर बसली होती तिथं, तिच्या अंगाची ऊब निवायच्या आत, म्हाळूनं शेवटचा दगड बसवला.